परक्याचा कुत्रा आणि भद्र समाजाचे मौन

कुत्रा त्यांचा, फाटक त्यांचे, साखळीही त्यांच्याच पैशाची. मग बाहेरच्याने तोंड उघडण्याचे कारण काय? शहरांतील बंगल्यांच्या वसाहतींत, गृहनिर्माण सोसायट्यांत आणि महामार्गालगतच्या फार्महाउसांच्या कुंपणाबाहेर हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाराच त्याचे उत्तर स्वतःला देऊन पुढे निघून जातो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली दोन हात साखळीने जखडलेला कुत्रा, त्याच्यापुढचे कोरडे पातेले, सकाळी फिरावयास निघालेल्या शेजाऱ्यांची रांग आणि त्या रांगेतील प्रत्येकाच्या मनात उमटून विरून जाणारी हळहळ, हे सारे इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही बोलण्यासारखे आहे असेच कोणाला वाटेनासे झाले आहे.

या मौनाला सभ्यता असे नाव देण्यात येते. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, परक्याला उपदेश करू नये, ज्याचे त्याने पाहावे, ही शिकवण पांढरपेशा घरांत लहानपणापासून मिळते आणि तिच्यात काहीच तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक शेजारी दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा, पोशाखाचा आणि पूजेअर्चेचा पंच होऊन बसला तर जगणे अशक्य होईल. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते याचा वास घेत हिंडणाऱ्या टोळ्यांनी या देशात काय अनर्थ घडविले आहेत, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. परंतु येथे ज्या सभ्यतेचा दाखला दिला जातो ती सर्वांना सारखी लागू होत नाही, हीच तिच्यातील खोट आहे. भाजीच्या हातगाडीच्या चाकाला सुतळीने बांधलेले पिल्लू दिसले की हाच सभ्य गृहस्थ थांबतो, आवाज चढवितो, पोसता येत नाही तर ठेवता कशाला, असे खडसावतो. नंदीबैलवाल्याला, माकडवाल्याला, टांगेवाल्याला दयेचे धडे देताना त्याची जीभ अडखळत नाही. बंगल्याच्या फाटकाशी आल्यावर मात्र त्याला खासगीपणाचे महत्त्व एकाएकी आठवते. तेथे शिष्टाचार पाळला जातो असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होय. तेथे मालमत्तेपुढे मान झुकलेली असते, इतकेच.

कुत्र्यांविषयी हा समाज मुका आहे असेही नाही. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी सोडावीत असे सांगितले. त्या अकरा दिवसांत आणि नंतर कित्येक आठवडे चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत एकही माणूस मताविना राहिला नाही. रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्यावरून २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली महाराष्ट्र हमरीतुमरीवर आला. दगडी कुत्र्यासाठी येथे बाह्या सरसावल्या जातात. बेवारस कुत्र्याविषयी बोलता येते, कारण त्याला मालक नाही. पुतळ्याविषयी बोलता येते, कारण त्याला भूक नाही. ज्याला मालकही आहे आणि भूकही आहे, अशा जिवाविषयी मात्र चकार शब्द निघत नाही.

मालकीचा हा युक्तिवाद एकदा नीट तपासला पाहिजे. माणसाने पैसे मोजून घेतलेली वस्तू तो वापरील, मोडील किंवा फेकून देईल, ही कल्पना खुर्चीच्या बाबतीत चालेल. सजीवाच्या बाबतीत ती भारताच्या कायद्यालाही मान्य नाही. १९६० साली संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेले खासगी विधेयक होते. सरकार स्वतः कायदा आणील या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. या अधिनियमाचे ११ वे कलम वाचण्यासारखे आहे. मारणे, लाथाडणे, छळणे हे तर गुन्हे आहेतच. पण अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे हा गुन्हा आहे. आणि कुत्र्यासाठी तर वेगळे उपकलमच आहे: जो कुत्रा नेहमी बांधलेला किंवा कोंडलेला असतो त्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने कसूर केली तर तो अपराध ठरतो. त्याच अधिनियमाच्या २९ व्या कलमान्वये दोषी ठरलेल्या मालकाकडून, तेथे त्या जनावरावर पुन्हा क्रौर्य होण्याचा संभव दिसल्यास, न्यायालय ते काढून सरकारजमा करू शकते. म्हणजे मालकी ही अटींवर दिलेली गोष्ट आहे, हे तत्त्व कायद्याने सहा दशकांपूर्वीच मान्य केले. जमिनीच्या मालकीला कमाल मर्यादा घालता येते हे ज्या देशाने मान्य केले, त्याला हे तत्त्व परके वाटावयास नको होते.

पण कायद्याचा एक हात देतो आणि दुसरा काढून घेतो. पहिल्या अपराधाला दंड किती? कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. ज्याच्या कुत्र्याच्या एका वेळच्या परदेशी खाद्याची किंमत याहून अधिक असते, त्याच्यापुढे पन्नास रुपयांची पावती फाडणे म्हणजे त्याला विनोदाचा विषय पुरविणे होय. हा दंड वाढविण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ साली लोकांपुढे ठेवला होता. याहून गंभीर बाब अशी की आखूड साखळी, उपासमार, कोंडणे हे ११ व्या कलमातील अपराध दखलपात्र नाहीत. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिस त्यांचा तपास करू शकत नाहीत. शिवाय अपराध घडल्यापासून तीन महिने उलटले की खटलाच दाखल करता येत नाही. या तीन तरतुदी एकत्र ठेवून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते. शासनाने या जिवाचे रक्षण प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या जिभेवर सोपविले आहे. शेजारी बोलला नाही, तर कायदा अस्तित्वात नसल्यासारखाच आहे. आणि तो चौथ्या महिन्यात बोलला, तर तेवढ्यापुरता तो नाहीच.

येथे एक आठवण अप्रस्तुत ठरू नये. प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ५१-क अनुच्छेदात लिहिले आहे. हा अनुच्छेद १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घालण्यात आला. तेव्हा आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, मधू लिमये यांच्यासारखे नेते तुरुंगात होते. नागरिकांच्या तोंडाला कुलूप घालून त्यांना करुणेचे कर्तव्य सांगणाऱ्या त्या राजवटीला हे कर्तव्य बोलल्याशिवाय पार कसे पाडावयाचे, हे बहुधा सुचले नसावे. कर्तव्य मात्र आणीबाणी संपल्यावरही संविधानात राहिले, आणि ते योग्यच झाले.

दयेला वर्ग असतो, हे मान्य करूनच या प्रश्नाकडे वळले पाहिजे. ते नाकारणारे भूतदयावादी प्रश्नाची हानीच करतात. इंग्लंडच्या पार्लमेंटात १८०० साली बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ बंद करण्याचे विधेयक आले, तेव्हा विल्यम विंडहॅम याने त्याला कडाडून विरोध केला. गरिबांची करमणूक तेवढी क्रूर आणि श्रीमंतांची शिकार तेवढी उदात्त, हे कसे, असा त्याचा सवाल होता. विंडहॅम गरिबांचा कैवारी नव्हता, राजकीय सुधारणांचा तो शत्रूच होता. पण सवाल खोटा नव्हता. नऊ वर्षांनी सिडनी स्मिथ या धर्मोपदेशकाने तेथील दुर्गुणनिर्मूलन मंडळाची अशी खिल्ली उडविली की, वर्षाला पाचशे पौंडांहून कमी उत्पन्न असणाऱ्यांचे दुर्गुण निपटून काढणारी ही संस्था आहे. पुढे १८२२ साली रिचर्ड मार्टिनचा कायदा झाला, पण तो घोडे आणि गुरे यांच्यापुरता. कुत्र्यांना कायद्याचे छत्र मिळाले १८३५ साली, आणि त्याच कायद्याने बैलांवर कुत्री सोडणे व कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या. मार्टिनच्या कायद्याखाली कोर्टात उभे राहिले ते गाढववाले, गाडीवान आणि गुराखी. कुत्र्यांचे कळप सोडून कोल्ह्याला फाडण्याची सरदारांची शिकार इंग्लंडमध्ये बंद करण्याचा कायदा व्हावयास २००४ साल उजाडले. गाडीवानापासून सरदारापर्यंत पोहोचावयास दयेला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

तेव्हा, भूतदया हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, असे जे चळवळीतले लोक म्हणतात त्यांची शंका हवेतून आलेली नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पाणी पीत. फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसाला मज्जाव होता. मुंगीला साखर घालणारा आणि माणसाची सावली टाळणारा धर्म ज्यांनी अंगावर सोसला, त्यांनी कुत्र्याच्या दयेची भाषा ऐकून भुवया उंचावल्या तर तो त्यांचा अधिकार आहे. आजही मोलकरणीला वेगळ्या कपात चहा देणाऱ्या घरात कुत्रा सोफ्यावर झोपतो. अशा घरातून निघणाऱ्या दयेच्या प्रवचनाला काडीची किंमत देण्याचे कारण नाही.

पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. वरच्या वर्गाची दया ढोंगी आहे म्हणून दयाच वरच्या वर्गाची आहे, असे ठरत नाही. लंडनच्या बॅटरसी भागाचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. १९०३ साली लुईझ लिंड-आफ-हागेबी आणि लाइसा शार्ताऊ या दोन स्वीडिश स्त्रियांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस या शरीरशास्त्रज्ञाने एका तपकिरी कुत्र्यावर केलेले प्रयोग पाहिले आणि त्यांविषयी जाहीरपणे लिहिले. त्यांची बाजू जाहीर व्यासपीठावरून मांडणाऱ्या स्टीफन कोलरिजवर बेलिसने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. दोन हजार पौंडांची भरपाई मिळविली. न्यायालयात बोलणारे हरले. तरीही १९०६ साली त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. कोठे? सरदारांच्या वस्तीत नव्हे, तर बॅटरसीतील लॅचमिअर या कामगारवस्तीच्या उद्यानात, नगर परिषदेने स्वतःच्या मजुरांकडून बांधून घेतलेल्या घरांच्या शेजारी. पुतळ्याखाली पाण्याची सोय होती. वर माणसांसाठी, खाली कुत्र्यांसाठी. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, म्हणजे बहुतांशी सुखवस्तू घरांतील मुलांनी, तो फोडण्याचे प्रयत्न केले, १९०७ च्या डिसेंबरात ट्रफाल्गर चौकात दंगल माजविली; आणि पुतळ्याच्या बाजूने उभे राहिले ते कामगार संघटनांतील लोक आणि मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया. प्रयोगशाळेतील कुत्र्याशी त्यांचा संबंध काय होता? मालक ठरवील तसे आपल्या देहाचे होते, हा अनुभव त्यांच्या ओळखीचा होता. १९१० साली बदललेल्या परिषदेने पोलिस बंदोबस्तात, रात्रीच्या अंधारात तो पुतळा हलविला. वैद्यकीय प्रयोगांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. येथे सांगावयाचे ते इतकेच की, परक्याच्या ताब्यातील मुक्या जिवासाठी बोलणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे, असे बॅटरसीच्या कामगारांना वाटले नाही.

आणि एवढ्या लांब जाण्याचीही गरज नाही. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या शिपायांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मोकाट कोण आणि घरचा कोण हे पाहण्याची तसदी घेण्याचे कारण उरले नव्हते. ज्यांच्या अंत्यविधीतही कुत्र्याला स्थान आहे अशा पारशी समाजाने शिपायांना अडविले, दुसऱ्या दिवशी कोटातील बाजार बंद पाडला. सत्तेला जाब विचारण्याचा या शहराचा एक अगदी आरंभीचा प्रसंग कुत्र्यांवरून घडला आहे. महाराष्ट्राच्या वारकरी परंपरेत भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत. तो कुत्रा कोणाचा, असे नामदेवांनी विचारल्याचे कोणी सांगत नाही.

गांधीजींनी मात्र तो प्रश्न विचारला होता, आणि त्यांच्या उत्तराने त्यांचेच भक्त संतापले होते. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी पिसाळण्याच्या भीतीने गिरणीच्या आवारातील साठ भटकी कुत्री मारविली. गांधीजींनी त्यांना दोष दिला नाही, तेव्हा निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला आणि 'यंग इंडिया'त कित्येक आठवडे हा वाद चालला. त्यांचा मुद्दा, कोणाला पटो वा न पटो, विचार करण्याजोगा होता. रस्त्यावरील कुत्र्यापुढे तुकडा टाकून पुण्य जोडणे सोपे आहे. प्रत्येक कुत्र्याला जबाबदार मालक असणे आणि ती जबाबदारी समाजाने वाहून घेणे अवघड आहे. खरी दया त्या अवघड गोष्टीत आहे. कुत्री मारण्याविषयीचे त्यांचे मत आज स्वीकारता येणार नाही, आणि निर्बीजीकरण व लस हाताशी असताना ते स्वीकारण्याची गरजही उरलेली नाही. परंतु मालकाच्या जबाबदारीकडे त्यांनी दाखविलेले बोट आजही तेथेच आहे. जबाबदारी म्हटली की जाब आला, आणि जाब विचारावयास कोणी तरी विचारणारा लागतो.

आता घरातली बाब या ढालीविषयी. नवरा बायकोला मारतो, तो त्यांच्या घरातला प्रश्न. हे वाक्य या देशात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ कलम आले, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तरी भिंतीपलीकडून येणारा आवाज ऐकून दूरचित्रवाणीचा आवाज वाढविणारे शेजारी आजही आहेत. स्त्री आणि कुत्रा यांची बरोबरी येथे कोणी करीत नाही. तसे करणे अभद्र ठरेल. बरोबरी आहे ती बघ्यांच्या युक्तिवादाची. उंबऱ्याच्या आत जे घडते त्याला बाहेरचे साक्षीदार नसतात, या कल्पनेवर प्रत्येक घरगुती हुकूमशाही टिकून असते. जो शेजारी कुत्र्याच्या किंकाळीकडे पाठ फिरविण्यास शिकला, त्याला दुसऱ्या किंकाळीकडे पाठ फिरविणे अधिक कठीण जाईल असे मानावयास आधार नाही.

शिवाय हा प्रश्न आता घरातला राहिलेलाही नाही. तो बाजाराचा झाला आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि त्या जातीच्या पिल्लांना शहरोशहरी गिऱ्हाइके धावली. ज्याचे नाक जन्मतःच इतके चपटे की श्वासासाठी धडपडावे, असा जीव शोभेसाठी निपजविणे हीच मुळात एक क्रूरता आहे. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेथे सैबेरियाच्या बर्फातून आलेल्या हस्कीला प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून पाळले जाते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. त्याच्या तोंडाला घट्ट पट्टा आवळून त्याला दुपारी गच्चीवर बांधणे म्हणजे घामाची छिद्रे बुजवून माणसाला उन्हात उभे करण्यासारखे आहे. २०१७ च्या नियमांनी पैदाशीचा धंदा करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली. आठवडाबाजारात टोपल्यांतून आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतून जी डोळे धड न उघडलेली पिल्ले विकली जातात ती पाहिली की या नियमांचे काय झाले ते कळते. पिल्लू मोठे होते, मुलांची हौस फिटते, आणि मग साखळी येते.

दिवसभर बांधून ठेवले की कुत्रा रात्री कडक राखण करतो, अशी एक समजूत गोदामांचे व बंगल्यांचे मालक मोठ्या विश्वासाने सांगतात. प्रत्यक्षात एकटा, भ्यालेला, पळून जाता न येणारा प्राणी चावतो, आणि तो चोराला चावण्याआधी ज्यांना चावतो त्यांची यादी ठरलेली आहे: दूध टाकणारा, कचरा नेणारी, कपडे इस्त्रीला नेणारा पोरगा, रात्रपाळीचा पहारेकरी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मरण जवळजवळ अटळ असते. लस सरकारी रुग्णालयात मिळते; पण तिच्यासाठी चार-पाच फेऱ्या घालाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीला रोजंदारी बुडते. परक्याच्या कुत्र्याला लस टोचली आहे की नाही, हे विचारणे म्हणजे त्याच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ, असे म्हणणाऱ्याने ही यादी डोळ्यांपुढे ठेवावी.

बोलले पाहिजे, हे ठरले; पण कोणाशी आणि कसे, यावर बरेच अवलंबून आहे. भूतदयेच्या नावाने जे बोलले जाते त्यातील बरेचसे चुकीच्या माणसाला ऐकविले जाते. सकाळी कुत्र्याला फिरविणारा मुलगा दोरीला हिसका देतो आणि रस्त्यावरच्या बाई त्याच्यावर बरसतात. दोरी ज्याच्या हातात आहे तो मालक नव्हे. त्याला चार घरची कुत्री एका तासात फिरवून पुढच्या कामाला लागावयाचे असते, कुत्र्याशी कसे वागावे हे त्याला कोणी शिकविलेले नसते, आणि चावले तर औषधपाणी कोणी करावयाचे हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. त्याची तक्रार वर गेली तर कुत्र्याची साखळी तशीच राहते आणि मुलाची नोकरी जाते. त्याच्याशी बोलावयाचे असेल तर ते सोबत्यासारखे, दोन पावले बरोबर चालत. जाब विचारावयाचा तो फाटकाच्या आत.

पहारेकऱ्याचेही तसेच. कुत्रा किती तास बांधलेला असतो, किती वाजता खायला मिळते, रात्री काठीने कोण मारतो, हे सर्वांत आधी त्याला ठाऊक असते, आणि सर्वांत शेवटी बोलू शकेल असाही तोच. ज्याची रोजी मालकाच्या मर्जीवर आहे त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. म्हणून हा भार ज्यांना काही गमवावे लागत नाही त्यांच्यावर येतो: निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, डॉक्टर, सोसायटीचे चिटणीस. मालकाच्या बरोबरीने जे खुर्चीत बसू शकतात त्यांनीच मालकाशी बोलावयाचे. नेमके हेच लोक सभ्यतेच्या नावाखाली गप्प असतात.

एक आक्षेप मात्र मनापासून घेतला पाहिजे. बाहेरच्याने चारचौघांत बोलले की मालकाचा अहंकार दुखावतो आणि त्याची किंमत कुत्रा रात्री मोजतो. हे घडते. मोबाइलवर चित्रफीत काढून गावभर पाठविणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो. त्यांना कुत्र्याच्या सुटकेपेक्षा मालकाची फजिती अधिक हवी असते. तेव्हा पहिले बोलणे एकट्याने, मुलाबाळांसमोर न लाजविता, आणि प्रश्नाच्या रूपात झालेले बरे. पाण्याचे भांडे सरकून दूर जाते का, साखळीऐवजी लांब तार बांधून कडी सरकती ठेवता येईल का, संध्याकाळी फिरवावयास माणूस हवा आहे का? पुष्कळ क्रौर्य अज्ञानातून आणि आळसातून होते, आणि अशा मालकाला एवढे पुरते. उलट पाहणाऱ्याचेही अज्ञान असते. हिमालयातील मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा घालतात. काटे बाहेरच्या बाजूस असतात आणि बिबट्याच्या दातांपासून मान वाचवितात. हाडे दिसणारा म्हातारा कुत्रा उपाशीच असेल असे नाही. तो आजारी आणि उत्तम शुश्रूषेत असू शकतो. विचारल्याशिवाय निकाल देणारा दयाळू माणूस पुढच्या वेळी खऱ्या क्रौर्याविरुद्ध बोलू लागला की त्याचे कोणी ऐकत नाही.

परंतु जेथे काठी आहे, जखम आहे, पाण्याविना दुपार आहे, तेथे गोडीगुलाबीला मर्यादा आहे. तेथे तारीख, वेळ आणि छायाचित्र यांची नोंद ठेवावी, दोघातिघांनी मिळून सह्या कराव्यात, आणि तीन महिन्यांची मुदत ध्यानात ठेवून दंडाधिकाऱ्यापर्यंत जावे. जनावर ठार केले किंवा कायमचे जायबंदी केले असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम आहे, आणि तेथे शिक्षा पन्नास रुपयांची नसून पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. एकट्याच्या तक्रारीला शेजाऱ्याचे भांडण असे लेबल लावून परत पाठविणे पोलिस ठाण्याला सोपे जाते. दहा सह्यांच्या बाबतीत ते तितके सोपे राहत नाही.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत वाहनतळ, गळती आणि रंगकाम यांवर तासन्‌तास वाद होतात. कुत्रा पाळणाऱ्या सभासदांच्या नावाने आरडाओरडाही होतो, पण तो जिन्यातील घाणीपुरता आणि भुंकण्यापुरता. कुत्रा रात्रभर का भुंकतो, गच्चीवर त्याला सावली आहे की नाही, लसीची नोंद कोणाकडे आहे, हे प्रश्न त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घालण्यास कोणत्याही उपविधीची आडकाठी नाही. फिरविणाऱ्या मुलाला किंवा पहारेकऱ्याला कुत्रा चावला तर त्याच्या लशीच्या फेऱ्यांची बुडालेली मजुरी मालकाने भरावयाची की सोसायटीने, तेही तेथेच विचारता येईल.